ओला टॉवेल आणि तेलाचा हिशोब

[रात्र. अंधारी खोली. लांबून यंत्रमागांची खटखट.]

सोलापूरच्या अशोक चौकामागच्या गल्ल्यांत मागाच्या आवाजात झोपायची सवय लहानपणीच लागते. खटखट चालू असताना पोरं अभ्यास करतात, म्हातारी माणसं घोरतात. जाग येते ती माग बंद पडल्यावर. या घराला मात्र गेलं वर्षभर दुसराच एक आवाज उठवतोय.

[फरशीवर पाय आपटल्याचा आवाज. थांबतो. पुन्हा सुरू.]

हा ब्रुनो. लॅब्राडोर, वय साडेतीन वर्षं, वजन ३० किलो. मागचा पाय काखेत घालून खाजवतो, आणि प्रत्येक फेरीला तो पाय फरशीवर आदळतो. ते थांबलं की पंजे चाटणं. चाटून चाटून बोटांमधले पिवळसर केस तांबडे झालेत. लाळेचा रंग आहे तो.

[सकाळ. स्वयंपाकघर. फळीवर बाटल्या.]

घरातल्या थोरल्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात, त्यांनी फळी दाखवली. बायोटिनचं सिरप. झिंक. कडुनिंबाच्या गोळ्या. हळदीच्या कॅप्सूल. प्रोबायोटिकची पावडर. ‘स्किन अँड कोट’ लिहिलेलं टॉनिक. माशाच्या तेलाच्या गोळ्या. एका कुत्र्याला सात बाटल्या.

“एक जण म्हणतो हे द्या, दुसरा म्हणतो ते द्या. काय करू की ओ? मुकं जनावर आहे.”

मी टॉनिकची बाटली उलटी केली. पुढच्या बाजूला लिहिलंय, खाजेपासून आराम. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत: औषधी वापरासाठी नाही. असं लिहिलेली पूरकं पशुखाद्याच्या वर्गात मोडतात. औषधाला बाजारात येण्याआधी जी परीक्षा द्यावी लागते, ती यांना द्यावी लागत नाही.

[पशुवैद्यकीय दवाखाना. टेबलावर ब्रुनो.]

डॉक्टर मॅडमनी एकाही बाटलीकडे पाहिलं नाही. पांढरा टॉवेल मागवला. टॉवेल काय, सोलापुरात कुठल्याही घरात ढिगानं निघतील. तो पाण्यात भिजवून पिळला, टेबलावर अंथरला आणि ब्रुनोच्या शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवली. काळे कण पडले. अक्का म्हणाल्या, “माती आहे, अंगणात लोळतो.”

दोन मिनिटं थांबलो. काळ्या कणांभोवती तांबडं वर्तुळ उमटलं. माती विरघळून लाल होत नाही. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

“पण पिसवा दिसत नाहीत हो, रोज बघते.” बरोबर आहे. खाजवणारा, चाटणारा कुत्रा त्या गिळून टाकतो. ज्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला थोडे चावेही पुरतात. शिवाय अंगावरच्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातला लहानसा भाग. अंडी, अळ्या, कोष हे सगळं घरात असतं. ब्रुनो ज्या जुन्या चादरीवर झोपतो तिच्यात, दिवाणाखाली, फरशीच्या फटीत.

मॅडमनी मग कानाची कड अंगठा-बोटात धरून चोळली. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर खरुजेचा संशय घ्यायचा. ब्रुनोचा पाय हलला नाही. खरुजेत कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायाचे सांधे आधी धरतात, आणि ती घरातल्या माणसांनाही लागू शकते. शेवटी बोटांच्या मधे चिकटपट्टी लावून काढली, रंग चढवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. यीस्ट, म्हणजे बुरशीचा एक प्रकार. मॅलॅसेझिया नावाचं. कातडी सतत ओली राहिली की ते फोफावतं, आणि त्याची खाज मूळ खाजेवर चढते.

इथं एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. परजीवी मारायला शेळ्यामेंढ्यांना टोचतात ते आयव्हरमेक्टिन अंदाजानं कुत्र्यालाही टोचायची पद्धत आपल्या भागात आहे. कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रं दगावू शकतं. पिसवा, गोचीड आणि खरूज या तिन्हींवर चालणाऱ्या गोळ्या आता मिळतात. त्या वजनावर मोजून डॉक्टरांनीच द्याव्यात.

[अंगण. वाळत घातलेल्या चादरी.]

दीड महिना फक्त एवढंच केलं. पिसवांची गोळी, चादर दर आठवड्याला गरम पाण्यात, आणि जंतू-यीस्ट मारणारा क्लोरहेक्सिडिन-मायकोनॅझोलचा शाम्पू, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवून. खाज निम्मी झाली. उरलेली निम्मी पंजे, काख, पोट आणि कान इथं राहिली.

मग आहाराची परीक्षा. आठ आठवडे एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, जे त्यानं आधी कधी खाल्लेलं नाही. पोळीचा तुकडा बंद, दूध बंद, चिकनच्या चवीचं चघळायचं हाडूकही बंद. आहाराची ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊ कुत्र्यांना आठ आठवड्यांत फरक पडतो. परदेशातल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा गोमांसाखालोखाल दूध, कोंबडी आणि गहू यांची नावं आली. आपली दूध-पोळी त्या यादीत अख्खी बसते. ब्रुनोला मात्र फरक पडला नाही. म्हणजे उरली ती ॲटोपी: जन्मजात कमकुवत कातडी, आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांवर, परागकणांवर चवताळणारं शरीर. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते आणि मुळापासून जात नाही. सांभाळावी लागते.

फळीवरच्या बाटल्यांची पाळी इथं येते. इतक्या उशिरा.

[लाकडी घाणा. करडई ओतली जातेय.]

सोलापूरला तेल शिकवायची गरज नाही. शेंगाची चटणी, जवसाची चटणी इथली. करडईवरच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं केंद्र इथलं. घाण्यावर गाठ पडलेले एक आजोबा ठामपणे म्हणाले, “करडईचं तेल द्या. केस असे चमकतील की बघत राहाल.”

आजोबा चुकत नाहीत, पण त्यांचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत बर दांपत्यानं उंदरांच्या आहारातून चरबी पूर्ण काढून टाकली. उंदरांची कातडी खवल्यांसारखी झाली. स्निग्धाम्लं ‘आवश्यक’ असतात ही कल्पना तिथून आली. त्यातलं लिनोलेइक आम्ल कातडीच्या पेशींमधला चुना आहे असं समजा. विटा त्यानं धरून राहतात, आतलं पाणी आत राहतं. पारंपरिक करडई तेलात हे आम्ल ७० टक्क्यांहून जास्त. आता दूध-भाकरीवर वाढलेलं कुत्रं घ्या. ज्वारीत तेल थोडं, दुधाच्या चरबीत लिनोलेइक थोडं. त्याचे केस राठ, अंगावर कोंडा. अशा कुत्र्याला करडईचा चमचा दिला तर महिन्या-दोन महिन्यांत खरंच चमक येते, कारण कमी होतं ते भरलं. समतोल तयार खाद्य खाणाऱ्या ब्रुनोला ती कमतरता नव्हती. त्याला चमक नको होती, झोप हवी होती.

मग जवस? जवसात ओमेगा-३ भरपूर, हे खरं. पण ते ज्या रूपात असतं त्याचं कुत्र्याच्या शरीरात ईपीए आणि डीएचए या दोन स्निग्धाम्लांमध्ये रूपांतर फार कमी होतं. दाह शमवण्याचं काम मुख्यतः या दोघांचं. ती तयार मिळतात सागरी माशांत. उजनीचा चिलापी सोलापूरकर आवडीनं खातात, पण तो गोड्या पाण्यातला आणि कमी चरबीचा. ईपीए-डीएचएच्या बाबतीत तारली-बांगड्याची बरोबरी करू शकत नाही. म्हणजे या बाबतीत समुद्र नसल्याची किंमत कॅप्सूलच्या रूपानं मोजावी लागते.

[कॅप्सूलची डबी. कॅमेरा मागच्या लेबलवर.]

डबीवर मोठ्या अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’. हा आकडा तेलाच्या वजनाचा. आपल्याला हवा तो खाली आहे: ईपीए १८०, डीएचए १२०. बेरीज ३००. बाकीचं तेल म्हणजे नुसतं तेल.

ॲटोपीसाठी जो हिशोब वापरतात, त्यानं १० किलोच्या कुत्र्याला दोन्ही मिळून रोज साधारण ७०० मिलिग्रॅम लागतात. ३० किलोच्या ब्रुनोला तिप्पट नाही, सुमारे १६००. वजन वाढतं तसा डोस त्याच पटीत वाढत नाही. म्हणजे अशा पाचेक कॅप्सूल. अक्का वर्षभर देत होत्या एक. “मग दिलंच नाही म्हणा की,” त्या म्हणाल्या. जवळपास तसंच.

वरची सुरक्षित मर्यादा ब्रुनोच्या वजनाला रोज सुमारे ४७०० मिलिग्रॅम. पण जास्त दिलं म्हणजे जास्त गुण असं नाही. एकदम पाच दिल्या तर जुलाब होतात, म्हणून दोन आठवड्यांत वाढवत न्यायचं. प्रत्येक कॅप्सूलमध्ये साधारण ९ कॅलरी असतात, आणि लॅब्राडोरला जाड व्हायला कारण लागत नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि कॉडलिव्हर ऑइल हे या तेलाला पर्याय नाही. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात. पाच-पाच गोळ्यांच्या हिशोबानं ती अंगात साठतात.

अजून एक, खास आपल्यासाठी. ही तेलं उष्णतेनं, हवेनं लवकर बिघडतात, आणि मे महिन्यात सोलापूर चाळिशीच्या वर असतं. डबी फ्रीजमध्ये ठेवा. अधूनमधून एखादी कॅप्सूल फोडून वास घ्या. माशाचा वास चालेल, खवट वास नाही. खवट तेल ओळखायला या गावाला प्रयोगशाळा लागत नाही.

[आलेख. साधी रेघ.]

पुरावा किती भक्कम? मध्यम. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲटोपीच्या ६० कुत्र्यांना १२ आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला स्निग्धाम्लं, दुसऱ्याला नकली तेल. कुणाला काय मिळतंय हे मालकालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. स्निग्धाम्लं मिळालेल्यांना स्टेरॉइड कमी पुरलं, पण हा फरक शेवटच्या काही आठवड्यांतच दिसला. प्राण्यांच्या ॲलर्जीवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१५ मध्ये सुधारल्या. सूर हाच: औषधाच्या जोडीला द्या, दोन महिने थांबा, एकट्या तेलावर विसंबू नका.

बाकीच्या बाटल्या, आणि फळीवर नसलेली दोन जीवनसत्त्वं, पटकन. व्हिटॅमिन ई: एका लहान अभ्यासात थोडा गुण. प्रोबायोटिक: काही जिवाणू-जातींवर आशादायक काम, पण निकाल एकसारखे नाहीत, आणि एका जातीवरचा निकाल दुसरीच्या डबीला लागू होत नाही. व्हिटॅमिन डी: २०१८ च्या एका अभ्यासात खाज कमी झाली, पण मोठ्या डोसमध्ये आणि रक्तातलं कॅल्शियम तपासत. उंदीर मारायच्या काही औषधांत हेच द्रव्य असतं, त्यामुळे घरच्या घरी नकोच. झिंक: हस्की-मालाम्यूट जातींत झिंक शोषलं न जाण्याचा वेगळा त्वचारोग आहे, त्याला उपयोगी, ब्रुनो हस्की नाही. बायोटिन: ॲलर्जीच्या खाजेवर धड पुरावा नाही. हळद आणि कडुनिंब आपल्या जवळचे, म्हणून मीही शोधलं. कुत्र्यांच्या खाजेवर पोटातून द्यावं असं सांगणारं भक्कम काही हाती लागलं नाही. माणसांसाठीची गोड सिरपं आणि चघळायच्या गोळ्या तर घेऊच नका. त्यात झायलिटॉल हे साखरेऐवजी घालायचं गोड द्रव्य असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं.

[भिंतीवरचं कॅलेंडर. चौकटींत आकडे.]

अक्कांनी कॅलेंडर लावलं. रोज रात्री एक आकडा. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे खाताना-झोपतानाही थांबत नाही. तेल सुरू केलं तेव्हा ५. दुसऱ्या आठवड्यात ५. चौथ्यात ५, आणि अक्कांनी कॅमेऱ्यासमोर कॅप्सूलच्या डबीला एक तेलुगू शिवी दिली, ती आम्ही गाळली आहे. सातव्यात ४. दहाव्या आठवड्यात ३, आणि मॅडमनी ॲटोपीसाठी सुरू केलेल्या खाजेच्या गोळीचा डोस उतरवला.

हे तेलानं झालं का? खरं सांगायचं तर एका ब्रुनोवरून कळणार नाही. मधे पाऊस पडला, धूळ बसली. शाम्पू चालूच होता. आणि पाच कॅप्सूलचे पैसे मोजणाऱ्या माणसाला गुण दिसायची घाई असते. मालकाच्या डोळ्यांवरही नकली तेल काम करतं. म्हणूनच ती ६० कुत्री लागली. मॅडम म्हणाल्या, दोन आठवडे बंद करून बघू का? अक्का म्हणाल्या, “नको की.”

[संध्याकाळ. गल्ली. माग चालू.]

फळीवर आता दोन वस्तू आहेत. कॅप्सूल फ्रीजमध्ये गेल्या. शाम्पू आणि फणी राहिली. समोरच्या घरातली सून आपला पग कडेवर घेऊन आलीय. तो मान वाकडी करून शेपटीकडचं अंग चावतोय.

“अक्का, ब्रुनोला कुठलं टॉनिक दिलं ओ? नाव लिहून द्या की.”

अक्का आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पांढरा टॉवेल होता, ओला, पिळलेला.

“आधी त्याला यावर उभं कर.”