जखडलेला घोडा

श्रोतेहो, नमस्कार. समोर बुद्धिबळाचा पट आहे असं समजा. घरात असेल तर मांडूनच बसा.

गेल्या हिवाळ्यात मी एका हौशी स्पर्धेत खेळायला गेलो होतो. शाळेचं सभागृह, स्विस पद्धतीच्या, म्हणजे हरलं तरी कुणी बाद होत नाही अशा, सहा फेऱ्या. चौथ्या फेरीत माझ्यासमोर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आली. पांढरी मोहरी माझी. मी नेहमीप्रमाणे वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. राजापुढचं सरकवलं की लगेच हातघाई सुरू होते. वजिरापुढच्याला मागून वजिराचा आधार असतो, डाव सावकाश उलगडतो. पन्नाशीतल्या माणसाला तेच मानवतं! १९२७ साली ब्वेनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यांतले ३२ याच घराण्यातले. पांढऱ्यानं वजिराच्या उंटापुढचं प्यादं देऊ करायचं, काळ्यानं ते घ्यायचं नाही.

आमचंही तेच चाललं होतं. माझा उंट तिच्या घोड्यावर रोखलेला. घोडा हलला तर मागचा वजीर मरणार, म्हणजे घोडा जखडलेला. मध्ये प्याद्याला प्यादं मारून झालं. तिच्या मधल्या प्याद्याला आता त्या घोड्याचाच काय तो जोर. जखडलेल्याचा जोर कसला, असं म्हणून मी माझ्या घोड्यानं प्यादं उचललं.

तिनं त्याच जखडलेल्या घोड्यानं माझा घोडा मारला. वजीर उघडा! पोरगी गडबडली वाटतं, असं मनात म्हणत मी वजीर मारला. तिनं उंट काढला. शह. माझा घोडा उठला तेव्हाच राजाकडे जाणारी तिरकी वाट मोकळी झाली होती, ते मी पाहिलंच नव्हतं. मध्ये घालायला वजिराशिवाय काही नाही. वजिराला वजीर गेला. हिशेबात मला एक प्यादं जास्त आणि एक घोडा कमी.

इंग्रजीत याला 'एलिफंट ट्रॅप' म्हणतात. गंमत म्हणजे यात चारही हत्ती कोपऱ्यातून हलत नाहीत. १८४८ साली बर्लिनला हारवित्झ नावाच्या खेळाडूनं समोरच्या मायेटला असंच गाठलं होतं.

तिसाव्या खेळीला मी डाव सोडला. सह्या करताना विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाही, काका. मागच्या रविवारी पांढरी माझ्याकडे होती."