‘बाकी काही नाही, फक्त नंबर वाढलाय’

[दृश्य: तपासणीची खोली. कोपऱ्यात मशीन, समोर अक्षरांचा चार्ट. पन्नाशीचे एक गृहस्थ आत येतात, इकडंतिकडं बघतात आणि सरळ मशीनवर हनुवटी टेकवून बसतात.]

थांबा काका, एवढ्यात नको. मशीन कुठं पळून जात नाहीये.

बहुतेक जणांना असंच वाटतं की मशीनमध्ये बघायचं, तो लांबचा फुगा धूसर होतो, परत क्लिअर होतो, बाजूनं चिठ्ठी बाहेर येते आणि झाली तपासणी. हे मशीन, म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटर, नंबरचा अंदाज देतं, बऱ्यापैकी चांगला देतं, पण हा माणूस आजच का आलाय, गेल्या महिन्यात का नाही आला, हे काही त्या चिठ्ठीवर छापून येत नाही. ते विचारावं लागतं, त्यालाच केस हिस्टरी म्हणतात, आणि गंमत म्हणजे ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं शास्त्र, शिकताना पोरं सगळ्यात जास्त कंटाळतात ती याच भागाला, कारण यात हाताला काही चकचकीत लागत नाही, नुसतं बोलायचं.

नुसतं बोलायचंही नाही खरं तर, आधी बघायचं. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात बरंच कळतं. मान एका बाजूला वाकडी धरलीय का, दाराच्या चौकटीला खांदा घासला का, एक डोळा बारीक करून बघतोय का, खोलीत फार उजेड नसतानाही गॉगल काढायला तयार नाही का. मान वाकडी करणाऱ्याला स्वतःला ते माहीतसुद्धा नसतं बऱ्याचदा, वर्षानुवर्षं तो तसाच बघतोय, जुने फोटो मागितले की त्यातही मान तशीच वाकडी दिसते. म्हणजे त्रास जुना आहे, कालपरवाचा नाही, आणि हे समजायला एकही उपकरण लागलं नाही.

[दृश्य: दोघं समोरासमोर बसलेले.]

‘बोला काका, काय त्रास होतोय?’

‘बाकी काही नाही, नंबर वाढलाय.’

आता ही तक्रार नाही, हे निदान आहे, काकांनी स्वतःचं स्वतः केलेलं. तक्रार काढायची तर थोडं गप्प बसावं लागतं, आणि तिथंच घोडं अडतं. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटची संभाषणं रेकॉर्ड करून तपासली, तर पेशंटनं बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी मध्येच तोडलेलं आढळलं, आणि सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करू शकलेले पेशंट निघाले ७४ पैकी फक्त १७. ते काही डोळ्यांचे दवाखाने नव्हते, पण आपल्याकडं याहून जास्त धीर असतो असं समजायला काही कारण दिसत नाही.

‘नंबर वाढलाय म्हणजे नक्की काय होतंय?’

‘अहो, लांबचं पुसट दिसतं. चष्मा नवाच आहे. पहिल्यांदा बरा वाटला, मग पुसट, मग बदलून घेतला, तो आठ दिवस ठीक, परत पुसट. मधेच एखाद्या दिवशी जुन्याच चष्म्यातून चांगलं दिसतं.’

इथं कान टवकारले पाहिजेत. चष्म्याचा नंबर असा पुढंमागं नाचत नाही. मग पुढचे प्रश्न वेगळ्याच दिशेनं जातात, तहान जास्त लागते का, रात्री लघवीला किती वेळा उठता, वजन उतरलंय का, घरात कुणाला शुगर आहे का. काका जरा वैतागतात, की डोळ्याच्या दवाखान्यात लघवीचं काय, आणि त्यांचं वैतागणं बरोबरच आहे त्यांच्या बाजूनं. पण रक्तातली साखर वाढली की डोळ्यातल्या नैसर्गिक लेन्समध्ये पाणी आणि साखरेचं गणित बिघडतं, लेन्सची ताकद बदलते, आणि बहुतेक वेळा नंबर मायनसकडं सरकतो. औषध सुरू झालं, साखर खाली आली, की तो काही आठवडे उलटा प्लसकडं जातो. म्हणजे आज कितीही बारकाईनं नंबर काढला तरी तो आजच्या साखरेचा नंबर. अशा पेशंटला आधी शुगर तपासायला पाठवायचं, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) बघायचा, आणि चष्मा साखर स्थिरावल्यावर. तिसरा चष्मा करून देण्यात काय अर्थ आहे?

पेशंट लपवतो असं नाही. ज्याचा डोळ्याशी संबंध नाही असं त्याला वाटतं ते तो सांगत नाही, इतकंच. आणि नेमकं तेच हवं असतं.

याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे औषधं. ‘काही औषधं चालू आहेत का?’ ‘नाही.’ ‘बीपीची?’ ‘हां, ती रोजचीच की.’ रोजची गोळी लोक औषधात धरतच नाहीत. म्हणून विचारायचं असं, की सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय घेता ते सांगा, गोळी, ड्रॉप्स, मलम, पंप, पावडर, सगळं. शक्य असेल तर पिशवीच घेऊन यायला सांगायचं. संधिवातासाठी किंवा ल्युपससाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर किती वर्षं आणि रोजचा डोस किती ते हवं, कारण डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेला किंवा वर्षं वाढत गेली की पडद्याला धोका वाढत जातो, आणि ५ वर्षांनंतर तर दरवर्षी तपासणी लागतेच. टीबीसाठी इथॅम्ब्युटॉल घेणाऱ्याला लाल-हिरवा फरक कळेनासा झाला तर तो चार्टवर अक्षरं वाचेलही कदाचित, पण डोळ्याच्या नसेला त्रास सुरू झालेला असू शकतो, मग रंगांची टेस्ट करायची आठवण कुणामुळं झाली, तर हिस्टरीमुळं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत असेल तर सर्जनला ते आधी कळलंच पाहिजे, नाहीतर ऑपरेशनच्या वेळी बाहुली ऐनवेळी लहान होते आणि आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत भाग, ढिली पडून फडफडते. मायग्रेनसाठी टोपिरामेट नुकतंच सुरू केलेल्या बाईला अचानक लांबचं दिसेनासं झालं, तर चष्मा देणं हा घोर अपराध म्हणेन मी, त्या गोळीनं दोन्ही डोळ्यांचं प्रेशर भयानक वाढू शकतं. आणि स्टेरॉइड. स्टेरॉइड कुणी ‘स्टेरॉइड’ म्हणून सांगत नाही. डोळे लाल झाले की घालतो ते थेंब, असं सांगतात, कित्येक महिने स्वतःच आणून घालत असतात, आणि त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही मागं लागू शकतात.

[दृश्य: एक तरुणी, हातात कॉन्टॅक्ट लेन्सची डबी.]

प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर ठरतं. ‘लेन्स घालून झोपत नाही ना तुम्ही?’ असं विचारलं की सगळे नाहीच म्हणणार, प्रश्नातच उत्तर दिलंय तुम्ही. ‘आठवड्यातून साधारण किती वेळा लेन्स न काढताच झोप लागते?’ असं विचारा, मग माणूस जरा हसतो आणि खरं सांगतो. पाण्याचंही तसंच, लेन्स घालून पोहणं, अंघोळ, डबी नळाखाली धुणं. अकॅन्थअमीबा नावाचा जीव नळाच्या पाण्यातही असतो, कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात, शिरला की दुखणं महिनोन्‌महिने चालतं आणि नजरही जाऊ शकते. ओरडायचं नाही मात्र. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी सगळं ‘नाही’च.

डोळ्यात कचरा गेला ही तक्रार तर अगदी रोजची. पापणी उलटी करायची, कचरा काढायचा, ड्रॉप्स द्यायचे. पण एक प्रश्न राहिला तर महागात पडतं, कचरा गेला तेव्हा करत काय होतात? वाऱ्यात चालत होतो म्हणाला तर ठीक. छिन्नीवर हातोडा मारत होतो म्हणाला तर सगळंच बदललं, कारण लोखंडाचा बारीकसा कण त्या वेगानं आरपार डोळ्याच्या आत जाऊ शकतो, बाहेरून जखम दिसेल न दिसेल अशी, आणि नजर सुरुवातीला ठीकसुद्धा असू शकते. अशा पेशंटला एक्स-रे किंवा सीटी स्कॅनला पाठवायचं आणि एमआरआयच्या जवळपाससुद्धा नेऊ द्यायचं नाही, चुंबकानं तो कण आत हलतो.

डबल दिसतंय म्हणाला की पहिला प्रश्न एकच, एक डोळा झाकला की दुसरी प्रतिमा जाते का? एका डोळ्यानं बघतानाही दोन दिसत असतील तर बहुधा डोळ्याच्या काचेतलीच भानगड, सिलिंडर नंबर, मोतीबिंदू, कोरडेपणा. झाकल्यावर जात असेल तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय, मग शेजारी-शेजारी दिसतं की वर-खाली, लांबचं बघताना जास्त की जिने उतरताना जास्त, असं एकेक विचारत गेलं की कुठली नस ते साधारण हाताला लागतं. आणि अचानक डबल दिसायला लागलंय, त्याच बाजूची पापणी पडलीय, बाहुली मोठी झालीय, डोकं प्रचंड दुखतंय, असं असेल तर हिस्टरी तिथंच थांबवा आणि हॉस्पिटलला पाठवा, मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते.

घाईचे असे अजून थोडे आहेत. वीज चमकल्यासारखं होतंय, काळे ठिपके अचानक वाढलेत, एका बाजूनं सावली सरकत आत येतेय, तर पडदा सुटत असेल, त्याच दिवशी बघायला हवं. दिव्याभोवती रंगीत वलयं आणि सोबत डोळा दुखून उलट्या, तर डोळ्याचं प्रेशर अचानक वाढलेलं असू शकतं, पण हा पेशंट बऱ्याचदा आधी पोटाच्या डॉक्टरकडं जाऊन आलेला असतो. आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाची एका डोळ्याची नजर न दुखता गेली, तर विचारा, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते का, चावताना जबडा भरून येतो का. हो म्हणाले तर जायंट सेल आर्टेरायटिसचा, म्हणजे डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजाराचा, संशय, आणि उपचार लांबले तर काही दिवसांत दुसराही डोळा जाऊ शकतो. कंगव्याचा आणि डोळ्याचा संबंध पेशंटला कसा सुचणार?

[दृश्य: आईच्या मांडीवर लहान बाळ.]

लहान मुलांची हिस्टरी म्हणजे आईची हिस्टरी. पूर्ण दिवसांचं होतं का, वजन किती होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, ऑक्सिजन लागला होता का, फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली पांढरी येते का. गरोदरपणात काही झालं होतं का, हा प्रश्न आज फॉर्मवर छापलेला असतो, पण तो तिथं आला कुठून बघा. १९४१ मध्ये सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञानं जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद छापली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला (जर्मन गोवर) होऊन गेला होता. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात रुबेलाची साथ होती. मोतीबिंदू तर सगळ्यांनाच दिसत होता, स्लिट लॅम्पनं, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकानं, तो अजून मोठा करून बघता आला असता, पण कारण मात्र आयांच्या बोलण्यात होतं. रुबेलाचा गर्भावर परिणाम होतो हे जगाला तिथून कळलं.

काही गोष्टी लोक लाजून सांगत नाहीत, काही घाबरून. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब झालेल्या एखाद्या आजींना खोलीत अनोळखी माणसं दिसतात, छोटी मुलं, फुलांच्या नक्ष्या, आणि त्या कुणालाही सांगत नाहीत कारण घरचे वेडी ठरवतील. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात, १७६० मध्ये बोनेनं आपल्या आजोबांचाच अनुभव लिहून ठेवला होता. डोक्यात बिघाड नसतो, नजर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं भरतो. पण आजी आपणहून बोलणार नाहीत, ‘नजर कमी झाली की काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसतात, तुम्हाला कधी झालं का असं?’ अशी सुरुवात आपणच करायची. आणि हे विचारताना सूनबाई, मुलगा, कुणीही असो, जरा बाहेर बसवलेलं बरं.

कामाचं मी थोडक्यात सांगतो. ‘काय करता?’ एवढ्यावर भागत नाही, किती अंतरावर बघता ते हवं. जवळच्या चष्म्याचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरवर काढतात, स्क्रीन असते त्याहून लांब, आणि डोक्यावरच्या वायरी जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला जवळचं बघायचंय पण वर मान करून. त्याला साधा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा, दिला तर जवळचा नंबर खाली राहतो, तो बिचारा शिडीवर मान मोडून घेतो आणि म्हणतो चष्मा चुकलाय.

आणि लिहून ठेवायचं. पेशंटच्या शब्दांत, तारखेसकट, आणि ‘नाही’ आलेली उत्तरंसुद्धा. चमकत नाही, सावली नाही, दुखत नाही, हे आज लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी चमकायला लागलं तर ते कधीपर्यंत नव्हतं हे तरी नक्की कळतं.

[दृश्य: काकांची हनुवटी आता मशीनवर. ऑप्टोमेट्रिस्ट फाइलवर काहीतरी लिहितोय.]

कुठली टेस्ट करायची ते आता ठरलंय. काकांना बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालून पडदा बघावा लागणार, म्हणजे पुढचे काही तास जवळचं पुसट, उजेड डोळ्यात खुपणार, गाडी चालवायची नाही. तेव्हा ड्रॉप्स घालायच्या आधी अजून एक विचारून घ्यायचं.

‘काका, आलात कसे? सोबत कोण आहे?’

‘एकटाच. स्कूटरवर.’

मग घरी फोन लावा आधी.