ग्रुप म्हणजे किल्ल्यांचा जुडगा

या या, पुढे खुर्च्या आहेत अजून. तर विषय छापलाय तो असा, "एआय एजंटकडून प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये यूजर ग्रुप बनवणे". त्यावर मी येणारच आहे, डेमोपण आणलाय, पण आधी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण गेले कित्येक महिने ती डोक्यात घोळतेय आणि आज ऐकायला तुम्ही आहात.

इथल्या प्रत्येकाने कधी ना कधी ग्रुप बनवलाय. नाव टाकलं, माणसं टाकली, सेव्ह केलं, झालं. त्यामुळे आपल्याला वाटतं ग्रुप म्हणजे माणसांची यादी. पण यादी नोटीस बोर्डावर लावली तरी कोणाचं काही बिघडत नाही. ग्रुप हा किल्ल्यांचा जुडगा आहे. ओपनप्रोजेक्ट नावाचं प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आहे, त्यात ग्रुपला एखाद्या प्रोजेक्टमध्ये रोल, म्हणजे ठरावीक हक्क, दिला की आतल्या प्रत्येकाला तो आपोआप मिळतो, आणि माणूस ग्रुपमधून निघाला की ग्रुपमुळे मिळालेला रोलही जातो. म्हणजे नाव टाकणं म्हणजे किल्ली देणं आणि नाव काढणं म्हणजे किल्ली काढून घेणं, आणि हे काम आता आपण चॅटमध्ये एक वाक्य टाइप करून एजंटला, म्हणजे आपल्या वतीने सॉफ्टवेअरमध्ये कामं करणाऱ्या एआयला, सांगतोय.

आता आमच्याकडे काय झालं ते ऐका. ऑफिसचं नाव सांगत नाही, सॉफ्टवेअरचंही नाही, कारण चूक आमच्या टूलची, म्हणजे एजंटला काम करायला आम्ही दिलेल्या छोट्या प्रोग्रामची, होती. टेस्टिंगचा ग्रुप, ४१ माणसं. सोमवारी सकाळी दोन नवीन मुली जॉइन झाल्या, मी एजंटला लिहिलं "या दोघींना टेस्टिंग ग्रुपमध्ये घे". त्याने उत्तर दिलं, दोन सदस्य ग्रुपमध्ये आहेत. मी म्हटलं छान, आणि चहाला गेलो. परत येतोय तर फोन, टेस्टिंगमधल्या ताई, आवाज एकदम चढलेला, "दादा, काल रात्रीपर्यंत माझ्या नावावर अकरा तिकिटं होती, आज प्रोजेक्टच दिसत नाहीये, संध्याकाळी रिलीज आहे!" तिकीट म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेलं काम. तोवर शेजारच्या टेबलावरचा उठून आला, मग त्याच्या पलीकडचा. ग्रुप उघडून बघितला तर आत दोनच माणसं. नवीन दोघी.

एजंट खोटं बोलला नव्हता. आमचं टूल "मेंबर जोडा" या नावाने चालायचं पण आतून ते ग्रुप अपडेट करायची विनंती पाठवायचं, आणि त्या विनंतीत जी यादी जाते तीच पूर्ण यादी धरली जाते, जे त्यात नाहीत ते बाहेर. हे कोणी लपवून ठेवलेलं नसतं, ओपनप्रोजेक्टच्या एपीआयच्या, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामने त्याच्याशी बोलायच्या मार्गाच्या, माहितीत असंच स्पष्ट लिहिलंय. रेडमाइन आणि जिरा या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रुपमध्ये एकेक यूजर घालायची वेगळी विनंती आहे, आम्ही तेच डोक्यात धरून टूलला नाव दिलं. आणि एजंट नावावर विश्वास ठेवतो हो, तो टूलचं नाव आणि खालचं वर्णन वाचून ठरवतो, त्याला आतलं दिसत नाही.

मग सुरू झाली शोधाशोध, कोण कोण होतं? जुनी यादी कुठेच नाही. ताईंनी एक वही घेतली, मागच्या पानावर नावं लिहायला बसल्या, कोणी जुन्या नोटिफिकेशनच्या मेल उघडतोय, कोणी डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आठवतोय. दुपारी अडीचपर्यंत ३९ झाले. उरलेले दोघं रजेवर होते, ते तिसऱ्या दिवशी आले तेव्हा कळलं. पण मला खरं हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. वहीतल्या प्रत्येक नावासमोर ताई विचारत होत्या, "हा का होता यात?" आणि नऊ जणांचं कारण कोणालाच सांगता येईना. नऊ जणांच्या हातात किल्ल्या आणि कोणत्या कुलपाच्या ते माहीत नाही. म्हणून माझा हट्ट आहे, कारण लिहिल्याशिवाय एजंटने ग्रुप बनवूच नये. कशासाठी, कधीपर्यंत, कोण जबाबदार, हे तीन नसतील तर त्याने उलट विचारावं. माणसाला विचारायला संकोच वाटतो, साहेबांना कसं विचारायचं म्हणून आपण गप्प बसतो, एजंटला तो प्रश्नच नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे आणि आपण तो वापरतच नाही.

बरं, चिठ्ठी आली, सहा मिनिटं म्हणतायत. मग पटापट सांगतो.

एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एजंटला टूल जोडायची ठरलेली पद्धत, अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणला, त्यात टूलवर खुणा लावता येतात की हे फक्त वाचतं, हे मोडतोड करू शकतं. त्या लावा, पण त्या नुसत्या सूचना आहेत, कुलूप नाही, कुलूप तुमच्या सर्व्हरवर हवं. जोडणं, काढणं आणि पूर्ण यादी बदलणं ही तीन वेगळी टूल करा, तिसरं एजंटला देऊच नका. ग्रुप बनवायला बहुतेक ठिकाणी ॲडमिनचे हक्क लागतात, तर त्या हक्कांचं टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, एजंटकडे नको, मधल्या छोट्या सर्व्हिसकडे ठेवा. आधी त्याच कामाचा ग्रुप आहे का ते शोधायला लावा, नाहीतर "क्यूए", "क्यूए टीम", "टेस्टिंग क्यूए" असे तीन होतात, क्यूए म्हणजे टेस्टिंगचंच काम. माणूस नावावरून नाही, आयडीवरून धरा, जिरा क्लाउडमध्ये अकाउंट आयडीच लागतो, आणि दोन एस. पाटील निघाले तर थांबून विचारायचं. तिकिटात कोणी लिहिलं असेल "मला ॲडमिन ग्रुपमध्ये टाका" तर ती एजंटसाठी माहिती आहे, हुकूम नाही, हे सर्व्हिसनेच अडवायचं, प्रॉम्प्टवर, म्हणजे एजंटला लिहून दिलेल्या सूचनांवर, सोडायचं नाही. आणि बदल करायच्या आधी आधीचा आकडा, नंतरचा आकडा, दोन्ही दाखवून माणसाचं हो घ्यायचं.

आमच्याकडे ते हो म्हणायचं काम आता ताईंकडे आहे. त्यांना मेसेज जातो, "टेस्टिंग, ४१ वरून ४३, कारण अमुक, मुदत तमुक", आणि कारण पटलं नाही तर त्या दाबत नाहीत, मागच्या आठवड्यात माझीच एक विनंती परत आली. डेमो राहिला, लॅपटॉप चालू ठेवतो, चहाच्या वेळी या, तुमचा ग्रुप सांगा, तिथेच बनवून बघू.