केमोची शेवटची सायकल: देण्याआधी काय विचारायचं?

माझ्या आत्याच्या केमोची सहावी सायकल, म्हणजे औषधाची सहावी फेरी, एका मंगळवारी झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी ती गेली. आयसीयूत, काचेपलीकडे.

नमस्कार. आज कुणाला दोष द्यायला बसलेली नाहीये. डॉक्टरांनी विचारलं, "पुढची द्यायची का?" आम्ही म्हटलं, "द्या, शर्थ करा." मंडईत हापूसची पेटी उघडायला लावून चार प्रश्न विचारणारी आम्ही पुणेरी माणसं. तिथे मात्र एकही प्रश्न विचारला नाही. आणि आत्या बाहेर बाकावर बसली होती.

मृत्यूआधीच्या १४ दिवसांत केमो, शेवटच्या महिन्यात आयसीयू, पुन्हा पुन्हा कॅज्युअल्टी. पेशंटांच्या नोंदी तपासताना संशोधक या खुणा बघतात. त्या फार दिसल्या, तर उपचार नको तितके जहाल झाले असं धरतात. आत्याच्या फायलीत तिन्ही आहेत.

आता केमो करते काय, ते बघा. भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. त्यात कॅन्सरच्या असतात, तशा तोंडाच्या, आतड्याच्या, रक्त बनवणाऱ्या पेशीही असतात. हिंडताफिरता माणूस ते भरून काढतो. दिवसाचा बराच वेळ अंथरुणात असलेल्याला ते जमत नाही. मग तोंड येतं, जुलाब होतात, इन्फेक्शन होतं, आणि पुढे आयसीयू. म्हणून डॉक्टर 'ईकॉग' नावाचा आकडा लावतात: ० म्हणजे ठणठणीत, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणावर. तुमच्या पेशंटचा आकडा विचारा. सांगतात.

मला वाटायचं, अशक्त माणसालाच केमो सोसत नसेल. अमेरिकेतला २०१५ चा एक अभ्यास वाचला आणि गप्प झाले. आजार पसरलेला, आयुष्य थोडं उरलेलं, पण अजून चालते-फिरते असे पेशंट. त्यांच्यातही केमो घेतलेल्यांचा शेवटचा आठवडा न घेतलेल्यांपेक्षा जास्त हालाचा गेला.

याचा अर्थ 'केमो नको' असा काढू नका हं. काही लिम्फोमांमध्ये, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, अगदी झोपून असलेला पेशंटही केमोने उठून बसतो. आजार कुठला, यावर सगळं आहे.

"मग काय नुसतं बघत बसायचं?" हे मला माझ्याच काकांनी विचारलंय. नाही. पॅलिएटिव्ह केअर. दुखणं, दम, उलटी, झोप, मनाची घालमेल, या सगळ्यावरचे उपचार. आपल्याकडे तिचं नाव निघतं ते 'आता घरी न्या' म्हटल्यावर. बॉस्टनमध्ये २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ही केअर निदानानंतर लवकरच सुरू केली. शेवटी जहाल उपचार झाले ते त्यांच्यातल्या ३३ टक्क्यांवर, इतरांमध्ये ५४ टक्क्यांवर. आणि कमी उपचार घेऊन जगले किती? मध्यक, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो आकडा, ११.६ महिने. बाकीचे ८.९. मी हे आकडे दोनदा तपासले.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. पैसे घेत नाहीत. आम्ही त्याच्या समोरच्या हायवेवरून शेकडो वेळा गेलो होतो.

तर पुढची सायकल ठरवताना विचारा: ही बरं करायला आहे, दिवस वाढवायला, की त्रास कमी करायला? दिली तर पुढचा महिना कसा जाईल, आणि नाही दिली तर कसा? पेशंटला बाकावरून आत बोलवा आणि मगच विचारा.

आता कागदाचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली. स्वतःला सांगता येणार नाही अशी वेळ आली, तर व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको, हे आधीच लिहून ठेवायचं. आधी त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

मी माझं करून टाकलं. नोटरीने विचारलं, "फ्लॅटचं आहे का?" म्हटलं, "नाही, माझं." त्याने चष्मा काढून माझं वय विचारलं. आईने तो कागद अजून वाचलेला नाही. गॅसच्या पुस्तकाखाली ठेवलाय.