गिऱ्हाइकाचा नंबर आपल्या वहीत

(लघुउद्योजकांसमोरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ऑनलाइन धंद्याचं मार्केटिंग आणि कामाच्या बदलत्या पद्धती’. दोन्हींवर बोलणार आहे. पण आधी ही वही बघा. मागच्या रांगेला दिसत नसेल म्हणून सांगते: लाल कापडी बांधणी, कोपरे झिजलेले, मधल्या पानांवर आंब्याच्या चिकाचे डाग.

देवगडजवळच्या एका बागायतदाराच्या आईची ही वही. हापूसच्या पेट्या थेट घरोघरी पाठवणारं कुटुंब. मुलानं सगळी विक्री सोशल मीडियावरच्या एका पानावर नेली, आणि चांगली चालवली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी खातं बंद! कारण कळेना. तक्रार केली की तेच ठरावीक उत्तर परत. इकडे आढी लागलेली, म्हणजे आंबा पेंढ्यात रचून पिकायला घातलेला, आणि आढीतला आंबा कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

त्यानं मला फोन केला तेव्हा आवाज कापत होता. विचारलं, गिऱ्हाइकांचे नंबर? ‘ताई, सगळे त्या पानावरच.’ तेव्हा आईनं फळीवरून ही वही काढली. वाचते हं. ‘कोथरूडच्या काकू. दोन पेट्या, अक्षय्य तृतीयेआधी. लिफ्ट नाही, वर नेऊन द्यायला सांगणे.’ पुढची, ‘डोंबिवली. गेल्या साली चार फळांत साका निघाला. यंदा अर्धा डझन जास्त घालणे.’ साका म्हणजे वरून चांगलं दिसणारं फळ आतून पांढरट, खराब निघणं. सांगा, ही नोंद कुठल्या जाहिरातवाल्याकडे विकत मिळेल? सासू-सुना तीन दिवस फोन करत बसल्या आणि आढी रिकामी झाली.

२९ जून २०२० आठवतो? टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. बंदीचा वाद वेगळा, पण गावोगावच्या पोरांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. जागा दुसऱ्याची होती. फॉलोअर जरूर वाढवा, पण त्यातला एकेक माणूस आपल्या वहीत आणा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, आणि निरोप पोचतो फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांना. म्हणून पेटीत, पेंढ्यावर, एक चिठ्ठी ठेवा: ‘आमचा नंबर सेव्ह करा, पुढच्या साली आधी कळवू.’

अध्यक्षांची खूण झाली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगते. गुगलच्या नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते, आजच करा. फोटो आपल्याच बागेतले टाका. जाहिरातीचा पैसा तोडणीच्या आधी लावा, माल अंगावर आल्यावर नव्हे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावता येतं; त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर येतात. त्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवा आणि मानांकन पेटीवर छापा. परराज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून खपतो याची मला मनापासून चीड आहे.

कामाच्या पद्धतीचं राहिलंच. २०२०पासून घरून काम हा शब्द रुळला, पण आपल्या धंद्यांत ते काम आधीपासून घरातली बाई करते. रात्री अकराला ‘उद्या मिळेल का?’ असा मेसेज येतो, आणि भांडी आवरून ती उत्तर देते. ते काम कुठल्याच हिशेबात धरलेलं नसतं. या बागायतदाराकडे आता साडेसातनंतर ऑर्डरचा फोन बंद असतो. आणि उत्तरं देणाऱ्या सुनेला हंगामभर पगार मिळतो, तिच्या स्वतःच्या खात्यावर.