डीपीतलं तेल आणि गरम पाण्याची गोष्ट

(हिंगणघाट तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलाच आहे : जास्त शक्तीच्या यंत्रांना द्रवाने थंड कसं ठेवायचं. मोठा इन्व्हर्टर घ्या, डेटा सेंटरमधले सर्व्हर घ्या, नाहीतर भद्रावतीचं एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश विजेचं केंद्र. आत उष्णता तयार होते, ती बाहेर काढावी लागते. पण मी सुरुवात डीपीपासून, म्हणजे शेतातल्या पंपांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून करणार. द्रवाने थंड होणारं यंत्र तुमच्या धुऱ्यावरच उभं आहे आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

हरभऱ्याचं ओलित सुरू असताना आमच्या शिवारातली डीपी जळली. शंभर केव्हीएची. दुसरी यायला इतका उशीर झाला की घाटे भरलेच नाहीत. लाइनमन म्हणे, "तेल होतं न जी आत!" तो खोटं बोलत नव्हता. टाकी पाऊण भरलेली होती. तरी जळली, आणि का जळली हे कोणत्याही कागदावर आलं नाही. याचा राग मला आजही आहे, कारण त्यामागचं कारण साधं आहे.

त्या डीपीत पंप नसतो. वाइंडिंगपाशी, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांपाशी तेल तापतं, हलकं होऊन वर चढतं, वरच्या तोंडातून बाजूच्या नळ्यांत शिरतं, तिथे उष्णता हवेला देऊन खाली उतरतं आणि तळातून परत आत येतं. गळतीने किंवा चोरीने तेलाची पातळी त्या वरच्या तोंडाखाली गेली की फेरा तुटतो. तेल असतं, पण जागच्या जागी तापत राहतं. त्यात लाइन आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकदमच मोटारी उचलतात, मोटारीने ओढलेला जादा प्रवाह कमी करणारा कपॅसिटर कोणी बसवलेला नसतो. भार सव्वापट झाला की वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते, ती विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते. आणि वाइंडिंगवरचा कागद ठरलेल्या मर्यादेपुढे साधारण दर सहा अंशांना निम्मं आयुष्य गमावतो. तेलाची खूण खाली उभं राहून दिसते, तेवढी बघत जा. डीपीला हात मात्र लावू नका, लहान पोरांनाही सांगा.

आता यातलं खरं शिकण्यासारखं. भर उन्हाळ्यात ते तेल ऐंशी अंशांच्या घरात असतं, तरी डीपी नीट चालते. बाहेर 46 अंश असले तरी ऐंशीचं तेल त्या हवेला उष्णता देऊ शकतं, पाण्याचा थेंबही लागत नाही. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की विदर्भात थंड पाण्याच्या मागे लागू नये, गरम पाण्यावर चालेल अशी रचना करावी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, वेळ कमी आहे, भरभर सांगतो.

शंभर किलोवॅट उष्णता न्यायची आणि पाणी दहाच अंश तापू द्यायचं, तर मिनिटाला सुमारे 143 लिटर पाणी फिरवावं लागतं. पाचच अंश तापू द्यायचं म्हटलं तर पाणी दुप्पट, त्याच नळीत दाब जवळपास चौपट आणि पंपाची वीज आठपट. म्हणजे प्रवाह वाढवत नेणं हा उपाय नव्हे. आधी उष्णता अडते कुठे ते शोधा. बहुतेक वेळा ती चिप आणि तिच्यावर बसवलेल्या, आतून पाणी फिरणाऱ्या तांब्याच्या पट्टीमधल्या ग्रीसच्या थरात अडते, नाहीतर पट्टीतल्या रुंद, मोजक्या वाटांमध्ये. थर पातळ करा, वाटा बारीक आणि पुष्कळ करा. मग 55 अंशांचं पाणीही चालतं आणि मे महिन्यात कोरडा, म्हणजे नुसत्या हवेवर चालणारा रेडिएटर पुरतो.

कूलिंग टॉवर, म्हणजे थोडं पाणी वाफ करून उरलेलं थंड करणारा मनोरा हवाच असेल तर हे ध्यानात ठेवा : त्यातलं पाणी ओल्या फडक्याच्या थर्मामीटरपेक्षा थंड होत नाही. मे महिन्यात 45 अंशांना हवा कोरडी असते, 15 टक्के आर्द्रता धरली तर ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर 24 च्या आसपास दाखवतो. श्रावणात 30 अंशांना, दमट हवेत तोच 27-28 दाखवतो. टॉवरची खरी परीक्षा श्रावणात, मे महिन्यात नाही! पण शंभर किलोवॅटमागे ताशी दीडशे लिटर पाणी वाफ होऊन जातं, आणि मे महिन्यात गावात टँकर येतो. कोराडीच्या वीज केंद्राला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून द्यावं लागतं, ते उगाच नाही.

शेवटचं. बंद फेऱ्यात बोअरचं पाणी घालू नका, क्षारांचा पापुद्रा उष्णता अडवतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा गोठणं रोखणारं ग्लायकोल जास्त ओतून पाण्याची उष्णता वाहण्याची ताकद कमी करू नका, गंज रोखणारं रसायन मात्र घाला. आणि विजेच्या भागांना पाणी थेट भिडवायचं असेल तर एचव्हीडीसीच्या थायरिस्टरना (वीज चालू-बंद करणाऱ्या मोठ्या अर्धवाहकांना) देतात तसं आयनमुक्त, म्हणजे विरघळलेले क्षार काढलेलं पाणीच हवं. त्याच्या शुद्धतेवर सतत पहारा ठेवावा लागतो, तो कसा ठेवायचा हे प्रश्नोत्तरांत विचारा.