दगडाखालचे साक्षीदार

ओढ्याची तब्येत पाहायला निघालं, की बहुतेकांचा हात आधी बाटलीकडे जातो. पाणी भरायचं, प्रयोगशाळेत द्यायचं, आकडे आले की निकाल लागला. ती तपासणी हवीच. पण बाटलीत येतं ते त्या क्षणाचं पाणी. रात्री वरच्या अंगाला कुणी रसायन सोडलं असेल, तर सकाळपर्यंत ते वाहून गेलेलं असतं आणि बाटलीला त्याचा पत्ताही लागत नाही. दगडाखालच्या किड्यांनी मात्र ते सोसलेलं असतं, कारण त्यांच्यातले बरेचसे महिनोन्‌महिने त्याच तळावर काढतात. म्हणून ओढ्याबद्दल काही विचारायचं असेल तर त्यात राहणाऱ्यांना विचारा, असं मी आग्रहाने सांगतो.

तरी पाण्याबद्दल आधी थोडं बोलू. सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते), गढूळपणा, विद्युतवाहकता हे नोंदवावंच. पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे काठावरची झाडं तोडली आणि ऊन थेट पाण्यावर आलं, की पाण्यात काहीही न मिसळता त्याची प्राणवायू धरून ठेवायची ताकद घटते. नेमकी तेव्हाच जिवांची गरज वाढते, कारण उबदार पाण्यात त्यांचं शरीर अधिक वेगाने काम करतं. त्यात सांडपाणी आलं, तर ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू ओढून घेतात.

हा प्राणवायू कुठे आणि कधी मोजला यावर फार अवलंबून आहे. अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी १९२५ मध्ये त्याचं गणित मांडलं. सांडपाणी मिळतं तिथेच प्राणवायू तळ गाठत नाही. तो प्रवाहाबरोबर घटत जातो, बरंच खाली गेल्यावर सर्वांत कमी होतो आणि मग हवेतून भरून येत पुन्हा चढतो. नाल्याच्या तोंडाशी एकच नमुना घेऊन ‘फारसं बिघडलेलं नाही’ म्हणणारा अहवाल म्हणूनच मला मान्य होत नाही. वेळेचंही तसंच. शेतातलं नायट्रेट आणि फॉस्फेट उतरून शेवाळ माजलं असेल, तर भर दुपारी आकडा उत्तम येतो, कारण शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं. रात्री ते फक्त घेत राहतं. त्याच जागी सूर्य उगवायच्या आधी मोजा, म्हणजे मासे का गुदमरले ते कळेल.

आता दगड उलटू या. पाणी उथळ आणि खळाळतं असेल अशी जागा निवडा. जाळीचं तोंड प्रवाहाकडे धरायचं आणि तिच्या वरच्या बाजूला पायाने तळ ढवळायचा; सुटलेले जीव वाहत जाळीत येतात. ते पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात ओतले, की क्षणभर नुसता पालापाचोळा दिसतो आणि मग तो चालायला लागतो! पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले फडफडवणारी, बहुधा तीन शेपट्यांची ती मेफ्लाय या कीटकाची पिल्लं; हे आणि पुढचे दोन्ही कीटक लहानपणी पाण्यात राहतात आणि प्रौढ झाले की उडून जातात. दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची. वाळूचे कण आणि काटक्या स्वतःच्या रेशमाने जोडून त्या नळीत राहते ती कॅडिसफ्लायची अळी. या तिन्ही गटांतल्या बहुतेकांना भरपूर प्राणवायू लागतो, म्हणून ओढा बिघडला की आधी तेच जातात. लालभडक अळ्या दिसल्या तर त्या कायरोनोमस माशीच्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे त्या अपुऱ्या प्राणवायूतही तगतात. त्या दिसल्या म्हणून घाबरू नका, चांगल्या ओढ्यातही त्या असतात. त्या आणि गाळातले गांडुळासारखे किडे सोडून दुसरं काहीच नसणं, हे वाईट लक्षण.

ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या अभ्यासगटाने या जिवांच्या कुळांना, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांना, १ ते १० गुण दिले: प्रदूषण न सोसणाऱ्या नाजूक कुळांना १०, गाळातल्या त्या गांडुळासारख्या किड्यांना १. जास्त वेळ शोधलं की जास्त कुळं सापडतात आणि गुणांची बेरीज फुगते, म्हणून कुळांच्या संख्येने भागून सरासरीही काढतात. पद्धत सुंदर आहे, पण ती तक्त्यासकट उचलून कुठेही लावू नये. स्टोनफ्लाय मुख्यतः थंड पाण्यातले. उष्ण प्रदेशातल्या सखल ओढ्यात ते मुळातच थोडे. तुलना करायची ती त्याच प्रदेशातल्या, तशाच उताराच्या, माणसाचा फारसा हात न लागलेल्या ओढ्याशी.

डोळ्यांवरही फार विसंबू नका. खाणीतून आम्लयुक्त पाणी उतरलं, तर ओढा काचेसारखा नितळ आणि जवळजवळ निर्जीव असू शकतो. उलट जंगलातला, कुजत्या पानांनी तांबूस झालेला ओढा जिवांनी गजबजलेला असतो. आणि कधी कधी पाण्याचे सगळे आकडे उत्तम येतात, तरी ट्रे रिकामा राहतो. अशा वेळी दगड हाताने हलवून पाहा. दगडांमधल्या फटी बारीक मातीने लिंपल्या गेल्या असतील, तर तिथे लपायला, अंडी घालायला जागाच उरलेली नसते. वरच्या बाजूला काठ खणलेला असतो, उघडा पडलेला असतो. हे प्रयोगशाळेला कुठून कळणार?

ऋतूचंही भान हवं. मेफ्लाय प्रौढ होऊन उडून गेले, की पाण्यात ते कमी दिसणारच. ते प्रदूषण नव्हे. त्याच जागी, त्याच ऋतूत, तेवढाच वेळ तळ ढवळून वर्षानुवर्षं नोंदी ठेवा. शंका असलेल्या नाल्याच्या वर एक जागा धरा आणि खाली किमान दोन. वर गुण चांगले आणि खाली पडलेले दिसले, तर कारण त्या मधल्या टप्प्यात आहे. काठाने चालत ते शोधता येतं, आणि पाणी नेमकं कशासाठी तपासून हवं हेही प्रयोगशाळेला सांगता येतं.